कूपर्सच होता

प्रिय शंतनू,

आज सकाळी माझ्या घरामागच्या लाकडी डेकवर कूपर्स हॉकने, त्या शिक्र्याच्या भाऊबंदाने, कबूतर धरलं. जिवंतच सोलत होता रे! कबूतर पंख आपटतंय आणि हा छातीवर पाय रोवून लचके तोडतोय. काचेआडून बघितलं आणि बाथरूममध्ये जाऊन भडाभडा ओकलो. एरवी मी कॅमेरा आणायला धावलो असतो.

आपण दोघंही नागपूरचे, इथे परदेशात एडिसनमध्ये एकाच ऑफिसात. ऑक्टोबर लागला, की दर शनिवारी डोंगरावर, दक्षिणेकडे निघालेले शिकारी पक्षी मोजायला. उडता पक्षी ओळखायला तुला मीच शिकवलं. रंगावर जाऊ नकोस, डोकं आणि शेपटी बघ. शार्प-शिन्ड, म्हणजे कूपर्ससारखाच दिसणारा छोटा हॉक, असेल तर डोकं पंखांत बुडालेलं, शेपटी सरळ कापल्यासारखी. कूपर्सचं डोकं पुढे आलेलं, शेपटी गोल. पहिल्या वर्षी तू गिधाडाला गरुड म्हणालास, तर मी तुला महिनाभर पिडलं होतं. तू आपला हसायचास.

तीन आठवड्यांपूर्वी मी मोजणीला जमलेल्या सगळ्यांसमोर शार्प-शिन्ड म्हणून ओरडलो, आणि तू हळूच म्हणालास, दादा, कूपर्स आहे, शेपटी बघ ना. सगळे हसले. मीही हसलो. कूपर्सच होता, मला त्याच क्षणी दिसलं, आणि म्हणूनच टाळकं सटकलं. पार्किंगकडे उतरताना आपण दोघंच होतो. तू ओक ट्री रोडवर जेवायला कुठे जायचं ते विचारत होतास आणि मी खांद्यावरचा ट्रायपॉड तुझ्या पाठीत हाणला. तू वळलास, तर दुसरा तडाखा तोंडावर. तोंड झाकलेल्या तुझ्या बोटांमधून रक्त गळत होतं, तू खाली पडला होतास, तरी मी लाथा घालतच होतो. किती घातल्या, आठवत नाही. तू एकदाही हात उगारला नाहीस.

गाडीत सीट रक्ताने चिकट झालेली, आणि तू मलाच पढवत होतास! पाय घसरला, दगडावर आपटलो, तूही हेच सांग, नाहीतर तुझं ग्रीन कार्ड अडकेल दादा. मी नंदीबैलासारखी मान हलवली. डॉक्टरांना तू तेच सांगितलंस, पोलिसालाही तेच. माझी मलाच किळस येते.

काल आश्लेषाचा फोन आला. तुझा डावा डोळा गेला, हे तुझ्या बायकोकडून कळलं मला. वर ती रडत रडत माझेच आभार मानत होती, वेळेत हॉस्पिटलात नेलंत म्हणून. ते ऐकवलं नाही. हे पत्र तुझ्या मेलबॉक्समध्ये टाकून मी सरळ पोलीस स्टेशनला जातोय. मारलं मी, आणि खोटं बोलायला तुला मीच धमकावलं, असं सांगणार आहे, म्हणजे खोट्या जबाबाचा ठपका तुझ्यावर येणार नाही. ते तुला विचारतील तेव्हा हो म्हण, तेवढं ऐक माझं. ग्रीन कार्ड गेलं खड्ड्यात. फक्त पोलीस दारात यायच्या आधी आश्लेषाला तू सांग, की ती कोणाचे आभार मानत होती.

तुला मारणारा, तरी तुझाच,
परीक्षित