अंगणात मांडलेला ओव्हन

मामा,

काल रविवारी मी पोर्क भाजलं. दौंडला तुमच्या रेल्वे क्वार्टरमागे पत्र्याची भट्टी होती, तिच्यात नव्हे. शिरूरला, माझ्या घरी, विजेच्या ओव्हनमध्ये. सूनबाई त्यात केक करायची. मुलाची कंपनी रांजणगावहून गुजरातेत गेली, तेव्हा सामान बांधताना ती म्हणाली, "आप्पा, हा राहू द्या तुम्हाला. पापड तरी भाजाल." पापडासाठी एवढं मोठं यंत्र! कितीतरी दिवस ते धूड माळ्यावर जुनं लुगडं पांघरून पडलं होतं. लुगडं माझ्या बायकोचं. तुम्ही जिला वहिनी म्हणायचा, ती आता नाही, मामा. वर्ष उलटून गेलं. तुमच्या पाठोपाठ जायला तिनं बराच वेळ घेतला, आणि मला मात्र मागंच ठेवलं.

त्याचं मटण आणायला आदल्या दिवशी दौंडलाच गेलो. शिरूरमध्ये मिळालं असतं की नाही, मी विचारलंच नाही. त्या निमित्तानं दौंड बघायचं होतं. येताना यष्टीत पिशवी मांडीवर, वर मेथीच्या जुड्या पसरलेल्या. शेजारची म्हातारी म्हणाली, "आबा, मेथीसाठी दौंडाला गेलता व्हय?" म्हटलं, "तिथल्या मेथीची चव निराळी." तिनं एक जुडी उचलली, हुंगली, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि परत ठेवून दिली. "असंल बाबा," म्हणाली. या वयात माणसानं थापा तरी नीट माराव्यात.

भाजणं अवघड नाही हे तुम्हीच शिकवलं होतं. खांद्याचा तुकडा, चरबीसकट. चरबीला सुरीनं चिरा द्यायच्या, मीठ, मिरी, ठेचलेला लसूण, सिरका आणि चिमूटभर गूळ चोळून रात्रभर मुरवायचं. खाली बटाटे, वर मटण, चरबीची बाजू आभाळाकडं. "म्हंजी ती खालच्याला तूप सोडत ऱ्हाती," असं तुम्ही म्हणायचा. मी इंजिनांच्या शेडमध्ये नवा खलाशी, पान्हे उचलून देणारा, तुम्ही फिटर. भंगाराच्या पत्र्याची ती भट्टी तुम्ही स्वतः ठोकून बनवलेली, खाली निखारे, झाकणावर निखारे. चर्चमधून आलात की इस्त्रीचा शर्ट खुंटीला आणि बनियनवर भट्टीपुढं. मी शेजारी उकिडवा. वास सुटला की माझा हात झाकणाकडं जातो, आणि तुमचा चिमटा माझ्या मनगटावर बसतो. "ए माळकरणीच्या मालका, दार लाव! चोरून बघितलेलं मांस शिजत न्हाई." सगळी शेड मला त्याच नावानं हाक मारायची, जशी तुम्हाला मामा. काल ओव्हनला काच होती, उघडायची गरज नव्हती, तरी मी दोनदा उघडला. चिमटा काही बसला नाही.

माळकरीण म्हणजे माझी बायको. माहेराहून तुळशीची माळ घालून आलेली. लग्न झाल्या-झाल्या तिनं मला सांगितलं होतं, "तुमचं खाणं तुमचं. पर माझ्या चुलीला आन् देवाला त्याचा वास नको." त्यावर कधी भांडण नाही. रविवारी मी निघालो की फडक्यात बांधलेल्या भाकरी हातात द्यायची, माझ्या आणि तुमच्याही. "पावानं पोट भरतंय व्हय कुणाचं," म्हणायची. ज्याचं नाव घेणार नाही त्याच्यासोबत खायला भाकरी मात्र तिच्याच हातच्या! तुम्ही ते फडकं धुऊन, वाळवून परत द्यायचा, आणि कधी रिकामं दिलं नाहीत. शेवग्याच्या शेंगा, पेरू, काहीच नसलं तर कढीपत्त्याचा डहाळा. मी तेव्हाच्या आमच्या घरी पोचायच्या आत परसातल्या दगडावर गरम पाण्याची बादली ठेवलेली असायची. काय खाल्लं, किती खाल्लं, तिनं कधी विचारलं नाही. आतून नुसतं "पाणी काढलंय" म्हणायची. मी आंघोळ करून मगच आत जायचो.

तिला टायफॉइड झाला होता तो रविवार तुम्हाला आठवतो का? तुम्ही मोसंबी घेऊन आलात आणि बाहेरच पायरीवर बसलात. मी ओढतोय तरी उठत नाही. "वहिनी, आज इतवार हाय. माझं जेवण झालंय. हितंच बरा." ती भिंत धरत धरत आली, तुम्हाला पाट दिला आणि स्वतः उंबऱ्याच्या आत, जमिनीवर बसली. "मामा, मग म्या बी हितंच बसते." मधे उंबरा, अलीकडं तुम्ही, पलीकडं ती, आणि मोसंबीची सालं दोन्हीकडं. तुम्ही निघताना मी फाटकापाशी चिडचिड केली, एवढं काय सोवळं पाळायचं म्हणून, तर तुम्ही मला झापलंत. "घर तिचं हाय. आपण ड्युटीवरनं येणारी माणसं. पाव्हण्यानं दुसऱ्याच्या चुलीवर हक्क सांगू न्हाई." तुमच्या तोंडून एवढं लांबलचक वाक्य मी एरवी फक्त इंजिनाबद्दल ऐकलं होतं.

तर काल मी आतल्या प्लगपासून लांब वायर ओढली, अंगणात स्टूल मांडलं, त्यावर ओव्हन. तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल. त्याला सगळं दाखवलं. तो हसायला लागला. "आप्पा, काय लग्नाचा मांडव हाय का, वायर कुठनं कुठं नेलीय? आत ओट्यावर ठेवा की. आता कोण हाय बोलणारं?"

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. "नेटवर्क गेलं वाटतं, आप्पा," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. नेटवर्क गेलं नव्हतं. फोन ठेवेपर्यंत मला त्याच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

पण त्याचं म्हणणं मनात राहिलंच. खरंच, कोण आहे? मी ओव्हन उचलून आत नेला. ओट्यावर ठेवला. पिन लावली. तिचा डबा तिथंच आहे, हळद-तिखटाचा, झाकणाला बोटांचे पिवळे डाग अजून तसेच. बटणावर बोट ठेवून मी कितीतरी वेळ उभा होतो, मामा. आयुष्यभर वाटायचं, एकदा तरी घरच्या ओट्यावर, बसून, निवांत करावं. आता नाही म्हणणारं कुणी नाही, तर बटण दाबवेना. दाबलं असतं तर ती खरीच गेली असती. मी पिन काढली आणि ते ओझं कमरेवर तोलत पुन्हा अंगणात आणलं.

मटण झालं छान. वरचं कातडं कुरकुरीत, बटाटे चरबीत न्हालेले. तुम्ही म्हणायचा तसं, इंजिन बंद केल्याबरोबर हात घालायचा नाही म्हणून थोडं थांबून मगच कापलं. बेकरीतला पाव आणला होता. भाकरी मला थापता येत नाही. शिकायची गरज पडेल असं कधी वाटलंच नव्हतं. पावानं पोट भरत नाही, हे तिचं खरं होतं. निम्मं तसंच उरलं. देऊ कुणाला? फडक्यात बांधून न्यावं असं दौंडला आता कुणी नाही.

हे पत्र टपालात पडायचं नाही हे मला कळतं. मेथीची थाप मारणारा असलो तरी एवढा खुळा नाही. पण एक सांगून टाकतो. आमच्या या घरात गिझर आहे, पण न्हाणीघरात जायला स्वयंपाकघर ओलांडावं लागतं. म्हणून मी अंगणातल्या नळाखालीच आंघोळ केली, गार पाण्यानं, आणि मग आत गेलो. नळ सोडायच्या आधी मात्र मी टॉवेल खांद्यावर टाकून थोडा वेळ दाराकडं बघत थांबलो होतो. आतून पाणी काढल्याचं कुणी सांगतंय का म्हणून.