ढोलकीचा धुम्म

मंगळवार, दिवेलागण

मिक्सिंगसाठी पाच इंची मॉनिटर स्पीकर घ्यावे की आठ इंची, यातच आठवडा गेला. जुन्यांवर ढोलकी अचानक धुम्म वाजायला लागली, म्हणून ते कालच चुलतभावाला देऊन टाकले. आज नवे पाच इंची लावले. तरी धुम्मच! चिडून शिव्या देत वायर उपटली, तर दारातून माय म्हणाली, "स्पीकरले काहून शिव्या देऊन राहिला? मागच्या हप्त्यात ह्या खोलीतले सुताचे गठ्ठे विणकरांकडे गेले, तवापासून खोलीच घुमून राहिली."

खरंच की! भिंतीला छतापर्यंत रचलेले गठ्ठेच तो धुम्म पीत होते. अन् मी गाढव स्पीकर बदलत बसलो.

मघाशी चुलतभावाचा फोन. "दादा, ढोलकी काय साफ वाजून राहिली! असे स्पीकर कायले देऊन टाकले?"

त्याच्या खोलीत आमच्या सुताचे गठ्ठे अजून छतापर्यंत आहेत.