प्रश्नचिन्हाखालचे ठिपके

ता. ४ ऑगस्ट

प्रिय दादास,
स. स. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तारच ती! चार ओळी, त्यातल्या दोन हवापाण्याच्या. आणि वर काय, तर "स. न. वि. वि." आपल्या ख्रिस्ती घरात पत्राला जन्मभर सप्रेम सलाम लिहितात, तू तेवढा नमस्कार लिहितोस. सलामाचा 'स' काढायला हात दुखतो का रे तुझा? पत्र आलं की बाबा विचारतात, वर काय लिहिलंय. मी दर वेळी खोकते.

आता खरं सांगते. बाबांची नजर गेली. उजेड-अंधार कळतो, बस्स. शिवणयंत्रावर आता मीच असते आणि ते शेजारच्या खुर्चीत बसून नुसत्या आवाजावरून माझी शिवण वाकडी गेल्याचं सांगतात. दुपारी मी त्यांना बायबल वाचून दाखवते. परवा म्हणाले, वाचतेस बरं, पण मागे कुत्रं लागल्यासारखी. दादासारखं कोणी वाचत नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव त्यांच्या तोंडून निघालं! डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की हृदय थकलंय, फार लांबचे बेत करू नका.

म्हणून मी एक ठरवलंय. पुस्तकात तुझी लाल पेन्सिलीची प्रश्नचिन्हं तशीच आहेत. कबरेपाशी दूत एक की दोन, बायका किती, कोंबडा एकदा आरवला की दोनदा. बाबा भर उपासनेत वाचायला उभे राहिले आणि ती चिन्हं बघून त्यांची वाचाच बसली. घरी येऊन तुला म्हणाले, हे खोडल्याशिवाय माझ्यासमोर येऊ नकोस. तू खोडलं नाहीस, निघून गेलास. एक हट्टी, दुसरा सवाई हट्टी! तर मी रबर आणलाय. मी खोडते, दादाने खोडायला सांगितलं म्हणते, आणि तू ये. त्यांनी विचारलं तर एकदा म्हणून टाक की हो, विश्वास आहे. एका शब्दाने काय जातंय तुझं?

लोभ उतू गेला तरी चालेल, आटू देऊ नकोस.

तुझी,
टकळी


ता. ११ ऑगस्ट

प्रिय टकळीस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र छापखान्यात तीनदा वाचलं. त्या नादात एका पाठ्यपुस्तकाचं मुद्रित तपासताना दोन चुका सोडल्या. मालकांनी विचारलं, प्रेमाबिमात पडलात की काय!

शब्दाने काय जातं म्हणतेस. अगं, शब्दांवरच पोट आहे माझं. खोटं बोलून त्यांच्या शेजारी बसलो, तर तिथे बसलेला मी नसेन.

तुला वाटत असेल, शहाणपणा मिरवायला मी त्या खुणा केल्या. आई गेली तेव्हा मी एकोणीसचा होतो. मेलेलं माणूस उठतं हे खरं निघावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून येशू उठल्याचं सांगणारी चारही शुभवर्तमानं पुढ्यात घेतली आणि मूळ प्रत मुद्रिताशी ताडून बघतात तशी ओळ न् ओळ ताडली. चौघांचं जुळेना. भांडणाच्या दिवशी बाबा म्हणाले होते, आई गेली तेव्हा मावशी धरून आपण चौघे खोलीत होतो. चौघांनाही ते वेगवेगळं आठवतं, म्हणून काय ती गेलीच नाही? मी पिशवी भरायला घेतली. उत्तर होतं माझ्याकडे. ती गेली यावर आपलं एकमत आहे. ती परत आली असं आपल्यातल्या एकानेही सांगितलेलं नाही, आणि मला तेवढंच तर ऐकायचं होतं. अजूनही ऐकायचंय. इथे रस्त्याने जाताना प्रार्थनेचं गाणं कानावर आलं, तर कडवं संपेपर्यंत माझा पाय निघत नाही.

खोडायचं तर खोड. माझ्या नावावर मात्र नको.

लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
दादा


ता. १९ ऑगस्ट

प्रिय दादास,
स. स. वि. वि.

बाबांचा दुपारी डोळा लागला तसं रबर घेऊन बसले. पुस्तक खिडकीशी नेलं आणि बघते तर काय, तुझ्या प्रत्येक लाल प्रश्नचिन्हाखाली तीन-तीन निळे ठिपके! कापडावर माप आखायची त्यांची निळी पेन्सिल आहे ना, तिचे. आधी वाटलं, नजर जाता जाता पेन्सिल टेकत ओळ शोधत असतील. पण ठिपके कसे, टाक्यांसारखे नीट आणि सारख्या अंतरावर. दुसरीकडे कुठेच नाहीत. सत्तावीस प्रश्नचिन्हं मोजली, सत्तावीसही ठिकाणी आहेत. माझा हातच धजेना.

ते उठल्यावर विचारलं. रबराचंही कबूल केलं. मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. पण ते एवढंच म्हणाले की दादाला विचार, त्याच्या धंद्यातली खूण आहे. आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. हे काय गौडबंगाल आहे, उलट टपाली कळव. जीव टांगणीला लागलाय.

लोभाचं तुला वेगळं काय सांगू.

तुझी,
टकळी


ता. २५ ऑगस्ट

प्रिय टकळीस,
स. न. वि. वि.

छापखान्यात नवा लागलो तेव्हा मुद्रितं घरी आणायचो, आठवतं? बाबा यंत्र थांबवून एकेका खुणेचा अर्थ विचारायचे. एकदा ठिपक्यांचा विचारला. मी सांगितलं, एखादा शब्द खोडला आणि मग पस्तावलो, तर त्याच्याखाली ठिपके द्यायचे. म्हणजे, राहू दे, काढू नका. ते हसले. म्हणाले, तुमची चैन आहे बुवा, आमच्याकडे कात्री चालली की चालली.

ठिपके खोडलेल्या शब्दाखाली द्यायचे असतात गं. मी एकही शब्द खोडला नव्हता, नुसते प्रश्न लावले होते. बाबांनी ठिपके प्रश्नांखाली दिलेत. नव्या माणसाने असं केलं तर मी त्याची चांगली हजेरी घेतो. एकोणीस वर्षांत अशी चूक मी पाहिली नाही. तुझं पत्र हातात धरून सगळ्यांदेखत रडलो.

मला यायचंय. पण आधी त्यांना सांग की माझा अजून विश्वास नाही. लपवू नकोस. आणि तरी वाचायला येऊ का, ते विचार. तुझं उत्तर आलं की त्याच दिवशी निघतो.

लोभ इतकी वर्षं जपलात, हे मला ठाऊक नव्हतं.

तुझा,
दादा


ता. ३० ऑगस्ट

प्रिय दादास,
स. स. वि. वि.

शब्द न् शब्द वाचून दाखवला. विश्वास नाही या ओळीशी मी अडखळले, तर म्हणाले, थांबलीस का, पुढे वाच. मग बायबल आणायला सांगितलं. म्हणाले, कबरेपाशी बायका येतात तिथपर्यंत वाच आणि थांब. पुढचं दादाचं.

कालपासून पुस्तक त्यांच्या मांडीवर उघडं आहे, पानावर अंगठा. जेवतानाही काढत नाहीत. मी म्हटलं खूण घालते, तर नको म्हणाले. दादा रे, फार वेळ लावू नकोस.

लोभ आता समोर बसून कर.

तुझी,
टकळी

ता. क. या वेळी वर काय लिहिलंय, त्यांनी विचारलंच. न खोकता सांगितलं की अजून 'न'च आहे. म्हणाले, राहू दे.