तिसरीच्या शिंपल्याचं माप

आबा, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली आणि तुमची रायफल काल माझ्या नावावर झाली. तुम्हाला हे आवडलं नसतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच लिहितो आहे.

तुम्ही ती एकदाच माझ्या हातात दिली होती. सहावीतून माझं नाव काढून मला वाडीत कामाला आणलंत, त्या वर्षी. सुरूच्या बनात चार माणसं बघत उभी होती. चाप ओढताना मी डोळे मिटले. गोळी कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. तुम्ही रायफल काढून घेतलीत. आवाज चढवला नाहीत, तेवढं मात्र खरं. "डोळा मिटतो त्यानं बंदुकीला हात लावू नये," म्हणालात. मग लोकांकडे वळून, "ह्यो डुकराला मारनार न्हाय. ह्यो पत्र लिवंल. रा. रा. डुक्कर यांस, किरपा करून आमचा सुरण खाऊ नये." सगळे हसले, काका, तुमचा सख्खा भाऊ, सगळ्यांत मोठ्याने. तेव्हापासून रानडुकरांनी कुणाचीही वाडी उकरली की कुणीतरी मला विचारतंच, "काय रं, पत्राचं उत्तर आलं का?"

तुम्ही काडतुसं भरायला बसायचात ते मागल्या पडवीत, दुपारची जेवणं झाल्यावर. ज्या साहेबाला तुम्ही शिकारीला रान दाखवायचात तो जाताना रायफल तुम्हाला देऊन गेला, पण तिची काडतुसं त्याच्या देशातून यायची. इंग्रज गेले आणि काडतुसं यायची बंद झाली. तेव्हा उडालेल्या पितळी पुंगळ्या जपून ठेवून त्या पुन्हा भरण्याची विद्या तुम्ही कुणाकडून तरी शिकलात. ते चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुम्ही पाट ओढून बसता, तंबाखूच्या पिशवीतून तो खाडीतल्या तिसरीचा शिंपला काढता, त्यात बंदुकीची दारू ओतता, अंगठ्याने वरचं सपाट करता आणि पुंगळीत सोडता. मी जवळ आलो की तुम्ही पाठ फिरवता. मी एकदा विचारलं, "आबा, एका शिंपल्यात किती गुंजा दारू मावते?" तुम्ही म्हणालात, "मोजतो तो सोनार. माप माझ्या हातात हाय." त्याचं उत्तर आज देतो. आबा, माप तुमच्या हातात नव्हतं. ते शिंपल्यात होतं, आणि सोनाराकडे नेलं असतं तर चहा पिऊन होईपर्यंत वजन करून मिळालं असतं.

तुम्ही तीन दिवसांच्या तापात गेलात. तंबाखूवाचून तुमचं कसं होणार म्हणून आईने ती पिशवी चितेवर ठेवली. आत शिंपला आहे हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. महिन्याभराने काकांनी स्वयंपाकघरामागच्या उकिरड्यावरून एक तिसरी उचलली, "शिंपल्याला शिंपला," म्हणाले, आणि तिच्या मापाने काडतूस भरलं. एक तर शिंपला लहान, त्यात दारू पावसाळ्याची ओल धरलेली. फुस्स असा आवाज झाला आणि गोळी नळीतच अडकून बसली. ती तशीच आत असताना काकांनी दुसरं काडतूस उडवलं असतं तर त्यांचं तोंड शाबूत राहिलं नसतं. ते घाबरले, आणि घाबरलेला माणूस सांगतो तेच त्यांनी गावभर सांगितलं: "आबाचं माप आबाबरोबर गेलं." रायफल गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेली. परवाना काकांच्या नावावर, रायफल कोळिष्टकांत. मुंगी मारायलाही तिचा उपयोग नव्हता.

या वर्षी दिवाळीनंतर डुकरांनी आपली पोफळीची नवी रोपं मुळासकट काढली, दोन ओळी, एकही शिल्लक ठेवलं नाही. काका म्हणाले, ती बंदूक सरकारात जमा करून टाकू, उगाच परवान्याची कटकट. पोलीस पाटील अंगणात बसले होते. मी म्हणालो, मी ती चालवून दाखवतो. पाटलांनी माझ्याकडे बघितलं. "तू?" मग म्हणाले, "बरं. शिमग्यापातूर चालवून दाव. चालली तर तुझ्या नावचा अर्ज मी लिवतो. न्हाय चालली तर ठाण्यात जमा. मंग रडायचं न्हाय." तेवढ्यात काका म्हणाले, "आनि पत्र लिवायचं न्हाय."

मी काय केलं ते सगळं सांगतो, कारण तुम्ही मला काहीच सांगितलं नव्हतं. आधी नळीत खोबरेल सोडलं आणि लाकडी दांड्याने ठोकून ठोकून पाचव्या दिवशी अडकलेली गोळी काढली. खाडीवरून चाळीस तिसऱ्या आणल्या, त्यांत बारीक वाळू भरली आणि रेवदंड्याच्या सोनाराकडे गेलो. "आज काय, वाळूचे दागिने?" म्हणाला, पण काटा पुढे केला. चाळीस शिंपल्यांची चाळीस वजनं झाली. सगळ्यांत मोठ्यात लहानाच्या जवळजवळ दुप्पट वाळू मावत होती. घरी येऊन मी काकांना ते कागदावर दाखवलं. काकांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि मला परत दिला. सोनाराने मात्र त्याचा जुना काटा आणि गुंजांची पुडी मला वापरायला दिली.

गोळ्यांसाठी शिसं मी फाटक्या जाळ्याच्या वजनांचं वितळवलं, आईच्या चुलीवर. आई दारात उभी राहून म्हणाली, "बापानं निदान भांडं तरी येगळं ठेवलं व्हतं." तिच्या ओल्या हाताचा एक थेंब पडला आणि शिसं भजीच्या तेलासारखं तडतडलं. त्या दिवसापासून मी भांडंही वेगळं ठेवलं आणि चूलही. तुमच्या पुंगळ्या एकेक करून उजेडात धरून पाहिल्या. अकरांच्या तोंडाला बारीक तडे होते. त्या मी बाजूला काढल्या. तुम्हाला ते तडे कधी दिसले नव्हते का?

सगळ्यांत हलक्या वजनापासून सुरुवात केली आणि दर वेळी अर्धी गुंज वाढवत गेलो. प्रत्येक वजनाची तीन काडतुसं, प्रत्येकावर शाईने आकडा. वाळूच्या उंच बांधाला जुन्या होडीची फळी टेकवली आणि तिच्यावर चुन्याचा ठिपका काढला. नव्या वजनाचं पहिलं काडतूस मी हातात धरून उडवत नसे. रायफल उखळाला बांधायची, चापाला सुतळी लावायची आणि स्वतः माडाच्या मागे जाऊन ओढायची. काका बघायला आले होते. "बंदूक हाय का बैल रं? दावं लावलंय." हसू द्या. तुम्हीही हसला असतात. मी भीत होतो, आबा, आणि भ्यायलाच हवं होतं. त्या भीतीनेच मला माडामागे उभं केलं. आज माझी दहाही बोटं जागेवर आहेत.

वहीत सगळं आहे: वारा कुठला, दारू कधी वाळवली, गोळी ठिपक्यापासून किती बोटं लांब लागली. हलकी काडतुसं खाली आणि विखुरलेली लागत. वजन वाढेल तशी भोकं जवळ येत गेली, आणि एका वजनाला तीनही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली गेली. तिथे थांबायला हवं होतं, पण मी आणखी वर गेलो, कारण तुमचं माप कुठे होतं ते मला शोधायचं होतं. भोकं पुन्हा विखुरली. उडालेली पुंगळी आत घट्ट अडकू लागली. माझा खांदा काळानिळा झाला, आईने आंबेहळद उगाळून लावली आणि लावता लावता म्हणाली, "त्यांचाबी असाच व्हायचा, दर वक्ताला."

म्हणजे तुम्ही जास्त भरत होतात, आबा. रायफल तुम्हाला लाथ मारत होती आणि तुम्ही तिला ताकद म्हणत होतात. तुमचं माप चुकीचं होतं. तेच चुकीचं माप तुम्ही माझ्यापासून लपवलंत आणि जाताना बरोबर नेलंत. हे मी पेन्सिलीने नाही, शाईने लिहितो आहे.

माझं माप मी तांबटाकडून पितळेचं करून घेतलं. त्याचं वजन वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे आणि काडतुसांच्या पेटीच्या झाकणाच्या आतही कोरलं आहे. ज्याला वाचता येतं त्याने वाचावं. ज्याला येत नाही त्याला मी वाचून दाखवीन.

शिमग्याच्या आठ दिवस आधी पाटील आले. काका होते, आणखी पंधरा-वीस माणसं होती. मी रायफल उखळाला बांधायला गेलो तर पाटील म्हणाले, "त्ये सोड. डुक्कर काय उखळ आनूपातूर थांबनार हाय? खांद्याला लाव." मी खांद्याला लावली. पहिली गोळी ठिपक्याच्या उजव्या कडेला लागली, दुसरी तिच्याखाली बोटभर. कुणी हसलं नाही. तिसरी ठिपक्याच्या बरोबर मधोमध. पाटील फळीजवळ गेले, भोकात करंगळी घातली आणि काकांना म्हणाले, "पत्र पोचलं."

काल अर्ज मंजूर होऊन आला. हा कागद मी दारूच्या डब्याखाली ठेवणार आहे. तो तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, आणि दुसऱ्या कुणी वाचावा अशी माझी इच्छा नाही. त्या दिवसाच्या तीनही गोळ्या मी वहीत नोंदल्या आहेत, वाऱ्यासकट. एक गोष्ट नोंदलेली नाही. तिसऱ्या गोळीला माझे डोळे मिटले होते.

तरी रायफल मी परत देणार नाही.