यावं तेव्हा, बसावं तिथे

२० सप्टेंबर ८६
सुधीरचं पत्र आलं. सतरा दिवस लागले. सुरुवात नेहमीची, 'आईस शि. सा. नमस्कार, मी मजेत.' तो मजेत लिहितो तेव्हा मी आधी पत्राचा शेवट वाचते. खरं असेल ते शेवटी असतं. आजही होतं. 'आमच्या बोटीवर जेवणाची पद्धत बदलणार आहेत. तू काळजी करू नको.'
मी विचारलंही नव्हतं, तर काळजी करू नको कशाला लिहिलं?

२१ सप्टेंबर
पत्र परत वाचलं. पद्धत अशी. ही मौजेखातर फिरणाऱ्या माणसांची बोट. संध्याकाळी दोन पंगती, पहिली सहाला, दुसरी साडेआठला. माणूस बोटीत चढला की त्याला टेबलाचा नंबर मिळतो. मग आठवडाभर तेच टेबल, तीच खुर्ची, तेच शेजारी आणि तोच वेटर. सुधीरकडे दोन टेबलं आहेत, मुदपाकखान्याच्या दाराजवळची. जोडीला गोव्याचा मिंगेल.
आता म्हणे यावं तेव्हा यावं, बसावं तिथे बसावं. एसटी स्टँडवरच्या हॉटेलासारखं. म्हणजे वेटरची टेबलंही रोज वेगळी आणि जोडीदारही वेगळा.
मिंगेलला सगळं माहीत आहे. बोटीवर दुसऱ्या कोणालाच नाही.

२३ सप्टेंबर
कारखान्यात काजू सोलताना हात चालत होते, लक्ष नव्हतं. मुकादमबाई म्हणाली, "मावशी, अर्धे तुकडे केलेत. झोप नाय झाली काय?"
झोप झाली होती. मिंगेलचा विचार करत होते.
सुधीरला झटका यायच्या आधी दूध करपल्याचा वास येतो. मग उजव्या हाताचा अंगठा उडायला लागतो. तेवढा एक मिनिटाचा वेळ मिळतो. मिंगेल त्याच्या हातातला ट्रे काढून घेतो, त्याला आतल्या दाराआड स्टुलावर बसवतो आणि बाहेर दोघांचं काम एकटा ओढतो. दीड वर्षात तीनदा झालं, कोणाला कळलं नाही. कळलं तर त्याच बंदरावर उतरवतात.
मुंबईत नोकरीच्या तपासणीला विचारलं होतं, कधी फिट आली होती का. मीच सांगून पाठवलं होतं, नाही म्हण. चौदाव्या वर्षापासून येतात. पहिली विहिरीच्या पायरीवर आली. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल. ह्यांनी मिरजेला नेलं, गोळ्या सुरू झाल्या, आणि गोळ्या घेतल्या की तो धडधाकट असतो. म्हणून मला ते खोटं वाटलं नाही. आता वाटतं.

२८ सप्टेंबर
राजिवड्याचा अन्वर सुधीरच्याच बोटीवर लाँड्रीत लागला. दहा-बारा दिवसांत निघेल. सुधीरच्या गोळ्या दिवाळीपर्यंतच पुरतील. डॉक्टरांकडून पुढच्या सहा महिन्यांच्या आणल्या. डॉ. म्हणाले, "चिठ्ठी देऊ का सोबत? कोणी विचारलं तर दाखवायला."
मी नको म्हटलं. चिठ्ठीवर आजाराचं नाव येतं.

५ ऑक्टोबर
दिवाळीचा फराळ आधीच केला. चकल्या, बेसनाचे लाडू, शंकरपाळे. गोळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डब्याच्या तळाशी, वर कागद, वर लाडू. झाकणाला कणीक लावून बंद केलं. सुधीरला पत्रात लिहिलं, लाडू खालपर्यंत खा.
अन्वरने डबा उचलून पाहिला. "काकी, ह्यो डबा नाय, पेटी झाली. एकटा सुधीरच खाणार काय?"
म्हटलं, वरचे दोन थर तू खा.
"नि खालचे?"
"खालचे त्याचे."
हसला. चांगलं पोर आहे. त्याला सांगावं असं ओठांवर आलं होतं. पण राजिवड्यात एकाला सांगितलं की...

९ ऑक्टोबर
अन्वर गेला. वाचनालयात जाऊन नकाशाचं पुस्तक मागितलं. सुधीरची बोट फिरते ती बेटं सापडायला वेळ लागला, निळ्यावर बारीक ठिपके आहेत. दर सात दिवसांनी तेच ठिपके. तिथेच एक आरोग्याचं पुस्तक होतं, त्यात फेफऱ्याचं पान काढलं. लिहिलंय, अशा माणसाने पाण्याजवळ, उंचावर आणि विस्तवाजवळ काम करू नये.
पुस्तक तिथेच ठेवून आले.

१६ ऑक्टोबर
सुधीरचं पत्र. नवी पद्धत सुरू झाली. रोज संध्याकाळी भिंतीवर कागद लागतो, कोण कुठे. मिंगेल दुसऱ्या टोकाला गेला. 'आम्ही एकमेकांना लांबून दिसतो.' एवढंच लिहिलंय. मधे केवढा मोठा दिवाणखाना, किती माणसं, किती ट्रे.
एका म्हातारीचं लिहिलंय. दरवर्षी येते. आधी नवऱ्याबरोबर यायची, आता एकटी. पहिल्या दिवशी टेबलावरच्यांना एकदा सांगायची, ते गेले. मग आठवडाभर कोणी विचारायचं नाही. आता रोज नवी माणसं शेजारी आणि रोज तोच प्रश्न, तुमचे मिस्टर नाही आले? चौथ्या दिवसापासून ती खोलीतच जेवण मागवू लागली.
ती कोण, कुठली, पण मला तिचं सगळं कळलं. हे गेल्यापासून बारशाला, लग्नाला मी गेले की मला कोणी सांगत नाही कुठे बसायचं. मी आपली शेवटच्या पंगतीला बसते. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण पुन्हा पुन्हा सांगावं तरी लागत नाही.

२० ऑक्टोबर
आज ह्यांची फार आठवण येते. तिथी नाही, काही नाही. त्या म्हातारीमुळे असेल.
हे मुंबईला गिरणीत. शिमग्याला खोलीतले सगळे गावी आले, हे जादा पाळीसाठी मागे राहिले. खाणावळवाल्या बाईकडे ह्यांची जागा ठरलेली, मोरीच्या बाजूला भिंतीशी. एका दुपारी पाट रिकामा. बाई म्हणाली, हा माणूस न सांगता चुकत नाही. माणूस पाठवला. खोलीत हे तापात बेशुद्ध पडलेले. हॉस्पिटलात आणखी तीन दिवस होते. मी पोचले, मला ओळखलं, पाणी माझ्या हातून घेतलं.
जागा ठरलेली नसती तर कोणी पाहिलं असतं? तीन दिवसच, पण मिळाले.
सुधीर रोज वेगळ्या जागी. उद्या तो दिसला नाही तर ज्याला त्याला वाटेल, दुसरीकडे लावला असेल.

२ नोव्हेंबर
दिवाळी. एक पणती लावली. पोस्ट बंद.

६ नोव्हेंबर
सुधीरचं पत्र. आहे तसं लिहून ठेवते.
डबा पोचला नाही. अमेरिकेच्या विमानतळावर घरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. अन्वरने हातापाया पडून पाहिलं. त्यांनी डबा उघडला, लाडू बघितले आणि सगळा डबा पिंपात टाकला. अन्वर बिचारा माफी मागत होता म्हणे, लाडवांची. सुधीर त्याला काय सांगणार.
गोळ्या उघड हातात दिल्या असत्या, चिठ्ठी दिली असती, तर पोचल्या असत्या. मी लपवल्या म्हणून गेल्या.
आणि शेवटी लिहिलंय, 'परवा एकदा वास आला. मिंगेल लांब होता. मी ट्रे जवळच्या टेबलावर ठेवून आत पळालो. भांडी धुणाऱ्या एकाने पडलेला पाहिला. तो बोलणार नाही असं म्हणालाय. मी आता दिवसाआड गोळी घेतो, म्हणजे पुरतील.'

७ नोव्हेंबर
कामाला न जाता डॉक्टरांकडे गेले. दिवसाआड ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "असं अजिबात करायचं नाही. ह्या गोळ्या तोडल्या तर झटके जास्त येतात, लागोपाठ येतात. जिवावर बेततं."
पार्सल करू का विचारलं. म्हणाले, औषधाचं पार्सल तिथे अडवून ठेवतील, किती दिवस ते सांगता येत नाही. मग म्हणाले, "बोटीवर डॉक्टर असतोच की. ह्या गोळ्या त्याच्या कपाटात असणार. सुधीरने फक्त जाऊन मागायच्या."
तो मागणार नाही. मागितल्या की कळलं.
"मग मी त्या डॉक्टरला लिहितो. पण वहिनी, नोकरी राहील की जाईल ते माझ्या हातात नाही. तुम्ही सांगा, लिहू का?"
उद्या सांगते म्हणून आले.
तार करावी तर ती नोकरी लावणाऱ्या मुंबईच्या एजंटाच्या ऑफिसातून जाते. तिथे टेबलाटेबलावर वाचतील.

८ नोव्हेंबर
धाकटे भाऊजी आले. त्यांच्याशिवाय विचारायला कोणी नाही. सगळं ऐकून घेतलं, मग आवाज चढला.
"वयनी, अख्ख्या वाडीत तो एक बोटीवर गेला. हातानं पोराचं पोट कापताय. दीड वर्ष काय झालं का?"
"तेव्हा मिंगेल होता. गोळ्या होत्या."
"देवावर भार टाका. नि घरी आणून काय करणार? काजू फोडायला बसवणार?"
"बसवीन. माझ्या शेजारी बसेल."
"नि तो काय म्हणेल? आयनंच खड्ड्यात घातला म्हणेल."
मी चहा ठेवायला उठले. भाऊजी चहा न घेता गेले.

९ नोव्हेंबर
भाऊजी चूक बोलले नाहीत. सुधीर जायच्या दिवशी म्हणाला होता, "आई, तिथे मला कोणी फिटवाला म्हणणार नाही." शाळेत पोरं अंगठा हलवून दाखवायची.
ते नाव मी पुन्हा त्याच्या पाठीला लावायचं. त्याला न विचारता.
विचारायला पत्र टाकलं तर जायला पंधरा दिवस, उत्तर यायला पंधरा. आणि उत्तर काय येणार, मजेत.

१० नोव्हेंबर
पाणी भरताना कळशी हातातून सुटली. चेपली नाही, पण खणकन आवाज झाला आणि माझ्या डोळ्यांसमोर ट्रे. उकळतं सूप असलेला. खाली सुधीर. भोवती रोज नवी माणसं, ज्यांना त्याचं नाव माहीत नाही. त्यांना वाटेल प्यायलाय.
चूल पेटवली तर दुधाचा वास. माझं दूध करपलं नव्हतं. तरी झाकण काढून तीनदा पाहिलं.

१२ नोव्हेंबर
डॉक्टरांना लिहा म्हटलं.
त्यांनी इंग्रजीत लिहिलं आणि मराठीत वाचून दाखवलं. आजाराचं नाव, गोळीचं नाव, किती वाजता किती, आणि शेवटी, हा मुलगा कामाला चोख आहे, औषध चालू असताना त्याला त्रास होत नाही, त्याला ठरलेलं काम आणि ठरलेला जोडीदार द्यावा. हे शेवटचं मी घालायला लावलं. डॉ. म्हणाले, हे औषधात बसत नाही. मी म्हटलं, बसवा. बसवलं.

१३ नोव्हेंबर
सकाळी पो. ऑ. उघडताच रजिस्टर केलं. पोस्टातल्याने पावती दिली आणि म्हणाला, "लांब चाललंय." मी हो म्हटलं. पाकीट त्याने मागच्या ढिगावर टाकलं. मला वाटलं होतं टाकल्यावर छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही.

१८ नोव्हेंबर
दुपारी कारखान्यातून आले तर उंबऱ्यावर सुधीरचं पत्र. शेवट आधी वाचला. शेवटी काहीच नव्हतं, फक्त 'तुझा सुधीर'. म्हणून पहिल्यापासून वाचलं.
नवी पद्धत मोडली. प्रवाशांनीच तक्रारी केल्या. आमची खुर्ची कुठे, आमचा वेटर कुठे, रोज अनोळखी माणसांत बसायला आम्ही आलो नाही. त्या म्हातारीने कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. एक डिसेंबरपासून पुन्हा दोन पंगती, ठरलेली टेबलं. सुधीरला पुन्हा दारापाशीची दोन, आणि मिंगेल. म्हातारीने जानेवारीसाठी सुधीरचंच टेबल मागून घेतलंय.
'गोळ्यांचं मिंगेल बघतो म्हणालाय, त्याचा कोणी ओळखीचा आहे एका बेटावर. आई, आता एवढे दिवस कोणाला काही बोलू नकोस. एवढं निभावलं की झालं.'

१९ नोव्हेंबर
पोस्टात गेले. पावती दाखवली, परत मिळेल का विचारलं. त्याने पावती वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. "आजी, आज सा दिवस झाले. ते मुंबईच्या पण पुढं गेलं."
भाऊजींना पत्र दाखवलं नाही.
मिंगेलचा ओळखीचा कोण? त्याने दिलेली गोळी तीच असेल का? सुधीर पुरी घेतोय की अजून दिवसाआड? पत्रात एक अक्षर नाही. मी बरोबर केलं की घात केला ते मला कळत नाही, आणि कळेल तेव्हा ते तिकडे होऊन गेलेलं असेल.

२१ नोव्हेंबर
डॉक्टरांचं पत्र पोचायच्या आत त्याला माझ्याकडून कळायला हवं. दुसऱ्या कोणी बोलावून विचारलं तर तो उभ्या जागी... नाही, ते लिहीत नाही.
आज गेलं तरी माझं पत्र मागेच पडणार. तरी कागद घेऊन बसले आहे. 'चि. सुधीर यास अनेक आशीर्वाद' एवढं झालं. खाली तारीख घातली. मी मजेत, असं आपोआप लिहिलं गेलं होतं, ते खोडलं.