चिमटे नसलेली खोकी

प्रिय घाईबाई,

आता तू मोठी अधिकारी झालीस, तरी वसतिगृहातलं हे नाव माझ्या तोंडून जात नाही. तू मला गोगलगाय म्हणायचीस, तेही मी विसरले नाही. तुझी छापील पुस्तिका शाळेत पोचली. मुखपृष्ठावर आपलीच तीन खोकी: लाल, पिवळं, हिरवं. पहिल्या नोकरीत शाळेच्या व्हरांड्यात बसून रंगवली होती आपण, हात आठवडाभर रंगलेले. सोपी कार्डं लालमध्ये, अवघड हिरव्यात, आणि प्रत्येक पोराच्या नावाचा कपड्यांचा चिमटा त्याच्या त्याच्या खोक्याच्या काठावर. दर शनिवारी पोरं स्वतःच चिमटे हलवायची. गणितात हिरवा, वाचनात लाल, कुणाला काही वाटायचं नाही त्याचं.

तुझ्या पुस्तिकेत खोकी आहेत, चिमटे नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला एक चाचणी आणि भिंतीवर कुणाचा रंग कोणता याची प्लॅस्टिक चढवलेली यादी, वर्षभर टिकावी म्हणून. पुस्तिकेच्या नावातलं ‘शाश्वत शिक्षण’ ते हेच असेल, तर धन्य आहे तुझी!

चाचणीच्या दिवशी माझ्या दुसरीतल्या एका मुलीला फळ्यावरचं दिसतच नव्हतं. आम्ही तिला चिमणी म्हणतो. शून्य मिळालं, लाल झाली. आठ दिवसांनी चष्मा आला आणि ती धडाधड वाचायला लागली. तुझ्या कार्यालयाला मी तीनदा लिहिलं. उत्तर आलं, वर्षअखेरीपर्यंत गट बदलता येणार नाही. खाली सही तुझी. मग मीही गप्प बसले. ती यादी माझ्याच हातांनी भिंतीवर लागली होती, एवढं मात्र तुझ्यावर ढकलता येत नाही.

काल मधल्या सुट्टीत तिच्यापुढे हिरव्यातलं एक कार्ड धरलं. तिनं शांतपणे चष्मा काढून दप्तरात ठेवला आणि म्हणाली, “बाई, मी लाल आहे ना. मला नाही येत ते.”

उद्या आदर्श शाळेच्या पाहणीला तूच येणार आहेस. हेडमास्तर सकाळपासून फरश्या पुसून घेताहेत. चारचौघांत तुझी पंचाईत नको, म्हणून आजच कळवते: यादी मी काढून टाकली. प्लॅस्टिक फाटेना, कात्रीनं कापली. खोक्यांवर पुन्हा चिमटे लावलेत. चिमणीचा तेवढा टेबलावर पडून आहे, ती हात लावत नाही त्याला. अहवालात माझ्याबद्दल हवं ते लिही. पण आधी तिच्याशेजारी बस आणि तुझ्या सहीचं ते पत्र तिला वाचायला दे. चष्मा लावला, तर ती कुठेही अडखळायची नाही.

तुझीच, अजूनही,
गोगलगाय