गुरुदत्तनं बघून यावं म्हणून

५ जानेवारी १९८७
मुख्याध्यापक कमळाकर सरांनी मान्य केलं. अकरावीची मुलं पुण्याजवळच्या सैनिकी प्रबोधिनीत एक दिवस जाणार. म्हणाले, "कल्पना चांगली आहे, बाई." माझं नाव घेऊ नका, एवढंच सांगितलं. माझा गुरुदत्त त्याच वर्गात आहे, बरं दिसत नाही. हे कारण त्यांना पटलं.

खरं कारण वेगळं. त्याला तिथंच जायचं आहे. वर्षभर एकच धोशा. मी नको म्हटलं की हट्ट वाढतो. म्हणून आता बोलायचं नाही. दाखवायचं! एकदा ती शिस्त डोळ्यांनी पाहिली की खूळ उतरेल.

गुरुदत्तच्या वडिलांना, श्रीपादना, हे सांगितलेलं नाही. ते त्याच्या बाजूचे. "कारखान्यात आम्ही काडतुसं करायची, आणि झाडायला दुसऱ्यांची पोरं?" — हे जेवताना. मी ताक वाढलं.

९ जानेवारी
कमळाकर सरांनी नवीनच काढलं. पाहुण्यांना तिथल्या मेसमध्ये जेवण असतं, आणि तिथं हातानं जेवत नाहीत! मुलांना सवय हवी. उल्हासनगरला कॅम्प तीनमधून काटे भाड्यानं आणायला मला पाठवलं.

दुकानदार सिंधी. "शादी है क्या, मॅडम?" म्हटलं, शाळेसाठी. "काँटे से भाकरी खिलाओगे बच्चों को?" स्वतःच हसला. काटे मात्र चांगले दिले.

१३ जानेवारी
मधल्या सुट्टीत सराव. पोळी काट्यावरून उडते. किसन जाधव उभा राहून म्हणाला, "बाई, लढाई सोपी असंल, पण ही भेंडी शरण येत नाय!" सगळा वर्ग हसला. गुरुदत्त खाली मान घालून नीट कापत होता. घरी रोज आरशासमोर बसून करतो.

१७ जानेवारी
जाऊन आलो.

मेसबिस काही नाही. तिथं पाहुण्यांना जेवण नसतंच. हिरवळीवर बसून आपापले डबे उघडले. कमळाकर सरांचा चेहरा! काटे पोत्यात तसेच. किसननं एक काढून त्यावर लाडू टोचला. "सर, वाया नको जायला."

दुपारी रस्त्याच्या कडेनं तिथली मुलं सायकली रांगेत चालवत गेली. शेवटचा एक सायकल खांद्यावर घेऊन पळत होता. घामानं निथळलेला. गुरुदत्तपेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठा असेल. आमची पोरं ओरडली, "पंक्चर झाली काय रं?" त्यानं वळून पाहिलं नाही. आम्हाला फिरवून दाखवणारे तिथले हवालदार साताऱ्याकडचे. म्हणाले, "रांग मोडली आसंल. आता सायकलीला फिरवून आणतोय."

मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, घरची आठवण आली तर काय करतात?
"येती की, बाई. पण पहाटं शिट्टी होती. आठवणीला टाईम कुठाय?"

गुरुदत्त हसला नाही. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून बसला होता. घाटात म्हणाला, "आई, मी अर्ज भरणार नाही. त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. मला ते जमणार नाही."

मी बरं म्हटलं.

१८ जानेवारी
शिरा केला. श्रीपाद म्हणाले, "आज काय विशेष? कर्नलसाहेब उठले का?" उठले नव्हते. त्यांना सांगितलं, तो अर्ज भरणार नाही. वाटी अर्धी ठेवून ते कामाला गेले — रविवार असून.

२२ जानेवारी
गुरुदत्त पहाटे चिखलोलीपर्यंत पळायला जायचा. आता सातपर्यंत झोपतो. कडीचा आवाज होत नाही, तरी मला त्याच वेळेला जाग येते. हवं होतं तेच झालं.

फार कमी बोलतो. विचारलं तर "काही नाही."

२६ जानेवारी
झेंडावंदन. कमळाकर सरांनी भाषणात सहलीचा उल्लेख केला. "याचं श्रेय आमच्या कुमुदिनीबाईंना. स्वतः तीनदा माझ्याकडे आल्या, सर, मुलांना नेऊ या म्हणून!" टाळ्या. समोर एन.सी.सी.च्या रांगेत गुरुदत्त. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यानं नाही. रांगेत मान वळवायची नसते.

 

२७ जानेवारी
सकाळी चहाच्या वेळी त्यानं विचारलं. "तू तर जाऊ नको म्हणायचीस. मग सहल कशाला?"
तू बघून यावंस म्हणून.
"काय बघून?"
खोटं सुचलं नाही. सांगितलं — घाबरावंस म्हणून.
त्यानं कप विसळून पालथा घातला. "म्हणजे ती भीती तुझी होती." रागावलेला नव्हता.

संध्याकाळी अर्ज घेऊन आला. खाली पालकांच्या सहीची जागा रिकामी. श्रीपाद समोरच पेपर वाचत बसले होते. अर्ज त्यानं माझ्यापुढे ठेवला, आणि पेन.

केली.